स्लॉथ दाखवणारी टूर कशी निवडावी: कोस्टा रिकातला एक दिवस

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात स्लॉथ, म्हणजे झाडांवर राहणारा तो अतिसंथ प्राणी, भरपूर आहेत, तरी आपले आपण शोधायला गेलात तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मानुएल आंतोनियो राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य वाटेवरून लोक खांद्यावर टॉवेल टाकून समुद्राकडे चालत असतात, आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर, फांदीच्या बेचक्यात स्लॉथ बसलेला असतो. खालून तो काथ्याच्या गोळ्यासारखा दिसतो. हालचाल नाही, आवाज नाही. मग एखादा गाइड तिपाईवर मोठी दुर्बीण लावतो, सोबतच्या चौघांना आळीपाळीने डोळा लावायला सांगतो, आणि त्या गोळ्याला नाक, डोळे, नख्या सगळं फुटतं.

त्या तिपाईपाशी उभं राहण्याचे पैसे म्हणजे स्लॉथ टूर. वाहतूक, फळांची प्लेट, टोपी वगैरे सगळा वरचा मसाला.

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये ख्रिसमस किंवा स्प्रिंग ब्रेकला कोस्टा रिका हा आता नेहमीचा बेत झालाय. तिकिटं निघतात, हॉटेल ठरतं, आणि मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न येतो: "स्लॉथसाठी कोणती टूर घेतलीत?" उत्तरं भाराभर येतात, पण उपयोग फारसा होत नाही. बुकिंगच्या वेबसाइटवरही तीच गत. सगळ्या टूर पर्यावरणस्नेही, सगळ्यांना पाच तारे, आणि सगळ्यांच्या फोटोत तोच हसरा चेहरा. त्यातून निवड करायची तर आधी हा प्राणी कसा जगतो ते कळायला हवं. टूर कुठली, किती वाजताची, कुणाबरोबरची, या सगळ्याची उत्तरं तिथेच सापडतात.

दोन जाती, दोन वेळापत्रकं

कोस्टा रिकात स्लॉथच्या दोन जाती आहेत. एक तपकिरी गळ्याचा तीनबोटी आणि दुसरा हॉफमनचा दोनबोटी. ही बोटं पुढच्या पायांची. मागच्या पायांना दोघांनाही तीनच. पण इतक्या खालून बोटं मोजणार कोण? त्यापेक्षा तोंड बघावं. तीनबोट्याच्या डोळ्यांवरून काळपट पट्टा ओढलेला असतो, तोंड आखूड असतं आणि ओठांची ठेवणच अशी की तो कायम हसतोय असं वाटतं. दोनबोटी अंगाने मोठा, त्याचे केस लांब आणि फिकट, नाक पुढे आलेलं, आणि शेपूट नाही. पाठीवर नारिंगी डाग आणि त्यात काळी रेघ दिसली तर तो तीनबोटी नर, हे कुठलाही गाइड पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.

टूर निवडायला महत्त्वाचा फरक मात्र वेळेचा आहे. तीनबोटी दिवसाही जागा असतो, रात्रीही. अधूनमधून झोप काढतो. दोनबोटी मुख्यतः रात्रीचा प्राणी. दिवसाच्या टूरवर दोनबोटी दिसलाच तर बहुधा गोळा होऊन झोपलेला दिसेल. तोच रात्रीच्या फेरीत फांदीला उलटा लटकून सावकाश चालताना, पानं ओरबाडताना सापडतो. म्हणून "स्लॉथ हलताना बघायचाय" असं ज्यांना वाटतं त्यांनी दिवसाच्या टूरला जोडून रात्रीची फेरी घ्यावी. बहुतेक जण ती घेत नाहीत, कारण त्या जाहिरातीत बेडकांचे फोटो असतात.

स्लॉथ दिवसभर झोपतो हा समजही थोडा तपासून घ्यायला हवा. 2008 मध्ये पनामाच्या रानात तीनबोटी स्लॉथच्या डोक्यावर छोटी यंत्रं बसवून मेंदूच्या लहरी नोंदवल्या गेल्या, तेव्हा झोप दिवसाला साडेनऊ तासांच्या आसपासच निघाली. बाकीच्या वेळात तो जागा असतो, पण नुसता बसलेला. कारण खाणं पानांचं. पानांत ताकद कमी, ती पचायला दिवसच्या दिवस लागतात, कधी कधी आठवडे. उत्पन्नच एवढं कमी म्हटल्यावर खर्चही तसाच. शिवाय अंगातली उष्णता आपल्यासारखी एका पातळीवर ठेवणं त्याला जमत नाही, म्हणून थंड किंवा पावसाळी रात्रीनंतर तो झाडाच्या वरच्या भागात उन्हाला येऊन बसतो. सकाळची पहिली टूर घ्या असं जाणकार सांगतात त्यामागे हे एक कारण आहे. दुसरं म्हणजे गर्दी, आणि तिसरं म्हणजे माकडं आणि पक्षीही त्याच वेळी कामाला लागलेले असतात.

खाली जमिनीवर स्लॉथ येतो तो साधारण आठवड्यातून एकदा, शौचाला. यासाठी जीव धोक्यात घालून तो खाली का उतरतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तुम्ही नेमके त्याच क्षणी तिथे असलात तर नशीब म्हणायचं. पण एखादी टूर "जमिनीवरचा, हाताच्या अंतरावरचा स्लॉथ" रोज दाखवत असेल, तर तो रोज तिथे कसा येतो हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

घनदाट जंगलाच्या मागे लागू नका

जाहिरातीत "अस्पर्श प्राथमिक वर्षावन" असं वाचलं की आपल्याला वाटतं, हेच खरं ठिकाण. स्लॉथ बघायला ते जवळपास सगळ्यात वाईट ठिकाण आहे. जुन्या जंगलात झाडांचा माथा तीस-चाळीस मीटरवर असतो आणि मध्ये पानांचे थरावर थर. वर स्लॉथ असतातच, पण तुम्हाला दिसतात फक्त पानं.

स्लॉथ दिसतो तो कडेला. रस्त्याच्या, नदीच्या, बागेच्या, गावाच्या कडेला. तिथे ग्वारुमो नावाचं झाड उगवतं, शास्त्रीय नाव सेक्रोपिया. जिथे ऊन पडेल तिथे हे झाड झपाट्याने वाढतं. खोड पोकळ, त्यात मुंग्यांची वस्ती, वर हाताच्या पंजासारखी मोठी पानं, आणि फांद्या इतक्या विरळ की आरपार आकाश दिसतं. स्लॉथ बऱ्याच वेगवेगळ्या झाडांची पानं खातो, फक्त ग्वारुमोवरच राहतो हे काही खरं नाही. पण ग्वारुमोवर बसला की लपायला जागा उरत नाही. म्हणून गाइडची नजर सगळ्यात आधी तिकडे जाते.

ला फोर्तुना गावाच्या आसपास ज्या छोट्या खासगी पायवाटा आहेत, त्यांचं गणित हेच आहे. काही ठिकाणी एके काळी गुरं चरायची, आता पुन्हा झाडं वाढू दिली आहेत. नकाशावर बघाल तर जागा अगदी किरकोळ वाटते, पण एका फेरीत दोन-तीन स्लॉथ दिसणं तिथे नवलाचं नाही. उलट ओसा द्वीपकल्पातलं कोर्कोवादो उद्यान थोर आहे, तिथे 2014 पासून परवानाधारक गाइडशिवाय प्रवेशच नाही. पण तिथे जावं ते टॅपिर या आखूड सोंडेच्या प्राण्यासाठी आणि त्या रानासाठी. लहान मुलांना घेऊन एका दिवसात स्लॉथ दाखवायचा असेल तर एवढा खटाटोप करू नये.

याच मुद्द्यावरून "गॅरंटी" या शब्दाचं काय करायचं तेही ठरवता येतं. तीनबोटी स्लॉथ काही हेक्टरांच्या टापूतच फिरतो, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला त्याला कसलीही घाई नसते. त्यामुळे रोज तीच वाट चालणाऱ्या गाइडला काल संध्याकाळी कोण कुठल्या झाडावर होता हे ठाऊक असतं, आणि गाइड एकमेकांना सांगतही असतात. अशा ठिकाणी "बहुतेक दिसेलच" हे वाक्य प्रामाणिक असू शकतं. "दिसला नाही तर पैसे परत" हेही चालेल. तो त्यांचा धंद्याचा हिशोब. पण मोकळ्या रानात "शंभर टक्के, आणि जवळून" असं कुणी म्हणालं तर तो प्राणी मोकळा नाही असं धरून चाला.

गाइड: परवाना आणि दुर्बीण

कोस्टा रिकात पर्यटक गाइडला तिथल्या पर्यटन संस्थेचा, म्हणजे आयसीटीचा परवाना लागतो. परवाना म्हणजे फोटो आणि मुदत असलेलं ओळखपत्र. तिथले लोक त्याला कार्ने म्हणतात. ते मागून बघण्यात काहीही उद्धटपणा नाही. खरा गाइड ते गळ्यातच घालून फिरतो. याशिवाय टूर कंपन्यांसाठी सीएसटी नावाचं शाश्वत पर्यटनाचं सरकारी प्रमाणपत्र आहे. ते आहे म्हणून सगळं उत्तमच असं नाही, पण "आम्ही इको आहोत" असं स्वतःच स्वतःला म्हणून घेण्यापेक्षा त्याला वजन आहे.

मानुएल आंतोनियोला जाताना शेवटच्या एक-दोन किलोमीटरवर एक खेळ चालतो. चकचकीत जॅकेट घातलेला, गळ्यात कसलंसं कार्ड अडकवलेला माणूस रस्त्याच्या मधोमध येऊन गाडी थांबवतो. "पार्किंग इथेच. पुढे रस्ता बंद. तिकिटं इथेच मिळतात. गाइड घेतलाच पाहिजे." तो बोलतो इतक्या अधिकाराने की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. आम्हालाही असा एक भेटला. मागच्या सीटवरून आमच्या मावशींनी स्वच्छ मराठीत "चला हो, थांबू नका" म्हटलं आणि आम्ही पुढे गेलो. रस्ता अर्थातच उघडा होता. या उद्यानात गाइड सक्तीचा नाही, आणि तिकिटं फक्त सरकारी वेबसाइटवर आधीच, ठरावीक वेळेची काढायची असतात. दारात खिडकीवर मिळत नाहीत.

सक्तीचा नसला तरी गाइड घ्यावा का? माझं मत: हो, पहिल्या दिवशी तरी घ्यावाच. अट एकच, त्याच्याकडे तिपाईवरची दुर्बीण हवी. नुसती गळ्यातली नको. त्या दुर्बिणीतून पाहिल्यावर जे दिसतं त्याची कल्पना फोटोवरून येत नाही. केस हिरवट दिसतात, कारण त्यांत शेवाळ वाढलेलं असतं. केसांतून छोटे पतंग ये-जा करताना दिसतात; ते त्याच्याच अंगावर राहतात आणि अंडी घालतात त्याच्या विष्ठेत. मध्येच एक हात निघतो, लांब नख्यांनी बरगडी खाजवतो, इतक्या सावकाश की एक खाजवणं संपेपर्यंत दुर्बिणीपाशी दोन माणसं बदलून होतात. त्या काचेला मोबाइल लावून गाइड फोटोही काढून देतो, आणि तो तुमच्या कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा चांगला येतो हे पचवायला लागतं.

बुकिंग करताना विचारायचं ते एवढंच. गटात जास्तीत जास्त किती माणसं? दहाच्या वर असतील तर दुर्बिणीपाशी तुमच्या वाट्याला काही सेकंद येणार. गाइड इंग्रजी बोलणारा आहे ना, की एकाच गटात दोन भाषा चालणार? प्रवेश तिकीट किमतीत धरलंय का? आणि प्रत्यक्ष रानात किती तास? या शेवटच्या प्रश्नावर बऱ्याच स्वस्त टूर गडबडतात.

किमतीच्या आत काय असतं

एका दिवसाच्या टूरची किंमत चार गोष्टींची बनते: प्रवेशशुल्क, गाइड, वाहतूक, आणि मधल्या माणसाची दलाली. मानुएल आंतोनियोचं परदेशी प्रौढांसाठीचं प्रवेशशुल्क कर धरून 18.08 डॉलर आहे. ते वजा करून उरलेले पैसे कशाचे, हे बघायचं. हॉटेलच्या काउंटरवरून घेतलेली टूर आणि थेट गाइडकडून घेतलेली टूर यांत पुष्कळदा गाइड तोच असतो. फरक मधल्या हाताचा. थेट घेतलीत तर पैसे स्थानिक माणसाकडे जास्त पोचतात. मात्र सुट्टीच्या हंगामात, चार दिवसांच्या घाईच्या प्रवासात, हॉटेलने ठरवून दिलेली टूर रद्द झाली तर भांडायला समोर कुणीतरी असतं, हेही तितकंच खरं.

फसगत सगळ्यात जास्त होते ती वाहतुकीत. राजधानी सान होसेहून "एका दिवसात स्लॉथ" अशा टूर खूप विकल्या जातात. सान होसे ते मानुएल आंतोनियो एका बाजूला अडीच-तीन तास. ला फोर्तुना तीनेक तास. कॅरिबियन किनाऱ्यावरचं काहुइता चारच्या आसपास, आणि तो रस्ता ब्राउलिओ कारियो उद्यानाच्या डोंगरातून जातो, जिथे पावसात दरडी कोसळून रस्ता बंद होणं नेहमीचं. म्हणजे बारा तासांच्या टूरमधले सहा-सात तास तुम्ही व्हॅनच्या खिडकीतून स्लॉथ शोधत बसणार. त्यापेक्षा त्या गावी एक रात्र मुक्काम करा आणि सकाळी सातची दोन-तीन तासांची टूर घ्या. पैसे साधारण तेवढेच लागतात, पण मुलं रडत नाहीत आणि आजी-आजोबांचे गुडघे शाबूत राहतात.

क्रूझवरून उतरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. जहाज कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमोन बंदराला लागलं तर हाताशी काही तासच असतात, तेव्हा काहुइता किंवा जवळच्या कालव्यांतली बोटफेरी एवढंच झेपतं. तिथे गट मोठे असतात, आणि परत बंदरावर वेळेत पोचायची धास्ती सगळ्यांनाच.

कुशीत घ्यायला मिळेल का?

हा प्रश्न मुलं विचारतात, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही. कोस्टा रिकात याचं उत्तर नाही असं आहे, आणि कुणी हो म्हणालं तर त्या टूरवर फुली मारावी. सरकारने 2019 मध्ये रानटी प्राण्यांना हातात धरून, खायला घालून काढलेल्या सेल्फींविरुद्ध मोहीम काढली. 2021 मध्ये स्लॉथला देशाच्या राष्ट्रीय प्रतीकांत स्थान मिळालं. त्याआधी 2012 मध्ये तिथे कायद्यात बदल करून खेळ म्हणून केली जाणारी शिकारही बंद झाली होती, तीही लोकांनीच सह्या गोळा करून संसदेपुढे मांडलेल्या प्रस्तावातून.

पेरू आणि ब्राझीलच्या अमेझॉनमध्ये मात्र नदीकाठच्या काही वस्त्यांवर पर्यटकांच्या गळ्यात स्लॉथ देण्याचा धंदा चालत आलाय. टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला "स्थानिक कुटुंबाला भेट" असं गोंडस नाव असतं. पिल्लू आईपासून काढून आणलेलं असतं आणि दिवसभर या हातातून त्या हातात फिरतं. तिकडची टूर घेत असाल तर हा थांबा कार्यक्रमातून वगळायला सांगा.

त्यात या प्राण्याचा चेहरा आपल्याला फसवतो. कुत्रा घाबरला की शेपूट घालतो, मांजर फिस्कारतं. स्लॉथ घाबरला तरी त्याच्या तोंडावर तेच हसू. तो पळत नाही, कारण पळणं त्याच्या अंगातच नाही. धोका आला की स्थिर राहायचं हाच त्याचा बचाव. हरपी गरुडाच्या नजरेतून सुटायला तो उपयोगी पडत असेल, फोटो काढणाऱ्या माणसापुढे तो संमतीसारखा दिसतो. हात पसरून तो मिठी मारतोय असं वाटतं तेव्हा खरं तर तो धरायला फांदी शोधत असतो.

हातात न देताही त्रास देता येतो. स्लॉथने तोंड वळवावं म्हणून फांदी हलवणारा, खोडावर थापा मारणारा, शिट्ट्या घालणारा गाइड भेटला तर तिथल्या तिथे "नको" म्हणा. पैसे देणारा नको म्हणतो तेव्हा ते पटकन बंद होतं. रात्रीच्या फेरीत फ्लॅश नको. ड्रोन राष्ट्रीय उद्यानांत नेताच येत नाही.

रेस्क्यू सेंटर म्हणजे टूर नव्हे, पण

ज्यांना अगदी जवळून बघायचाच आहे, किंवा ज्यांच्या घरी दुर्बिणीला डोळा लावून उभं न राहणारं चार वर्षांचं पोर आहे, त्यांच्यासाठी बचाव केंद्राची भेट हा चांगला पर्याय. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या पुएर्तो व्हिएहोजवळचं जॅग्वार रेस्क्यू सेंटर, सान होसेपासून फार लांब नसलेलं एरेदिया प्रांतातलं टुकान रेस्क्यू रँच, ही त्यातली माहितीतली नावं. तिथे पोचणारे स्लॉथ मुख्यतः रस्त्यावर गाडीखाली आलेले, कुत्र्यांनी धरलेले, किंवा विजेच्या उघड्या तारांचा धक्का बसलेले. तारेचं कारण ऐकून आपल्याला नवल वाटतं, पण झाडं तुटून मध्ये मोकळी जागा पडली की स्लॉथला पलीकडे जायला हाताशी तारच असते. म्हणूनच ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेबेका क्लिफ यांनी सुरू केलेली स्लॉथ कन्झर्व्हेशन फाउंडेशन ही संस्था कॅरिबियन किनाऱ्यावर झाडाझाडांमध्ये दोरखंडाचे पूल बांधते.

चांगलं केंद्र कसं ओळखायचं? त्यांना विचारा की इथले प्राणी पुढे कुठे जातात. पुन्हा रानात सोडायचे प्राणी ते लोकांच्या नजरेपासून लांब ठेवतात. जे सोडण्याजोगे उरलेले नाहीत तेच तुम्हाला दाखवतात. पिल्लांना बाटलीने दूध पाजायचं तिकीट विकत असतील तर ते केंद्र नाही, दुकान आहे. पाटीवर "रेस्क्यू" आणि "सँक्च्युअरी" कुणीही लिहू शकतं.

कुठे आणि कधी

मानुएल आंतोनियो सगळ्यात सोपं. वाट सपाट आहे, एल पेरेसोसो, म्हणजे स्लॉथचंच नाव असलेल्या भागात लाकडी पूलवाट आहे आणि तिच्यावरून व्हीलचेअर जाते. शेवटी समुद्र. तोटा म्हणजे गर्दी. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, ते माकडांमुळे. तिथल्या कापुचिन माकडांना पिशवीची चेन उघडता येते. ला फोर्तुनाला आरेनाल ज्वालामुखी, गरम पाण्याचे झरे आणि छोट्या स्लॉथवाटा एकत्र मिळतात, रात्रीच्या फेऱ्याही चांगल्या. मला सर्वांत आवडतं ते काहुइता. गावाच्या बाजूने तिथल्या उद्यानात शिरलात तर प्रवेशशुल्क म्हणजे तुम्ही द्याल ती देणगी. वाट किनाऱ्याला लागून, सावलीची, आणि गाइड लोकही निवांत. वाटेकडेच्या झुडपात पिवळाधमक ‘पापणीचा साप’ (डोळ्यांवर पापण्यांसारखे खवले असलेला विषारी साप) गुंडाळी करून बसलेला असू शकतो, तेव्हा कुठल्याही फांदीला न बघता हात लावायचा नाही. मोंतेवेर्दे उंचावर, ढगांतलं, थंड. तिथे रात्री दोनबोटी दिसतो, पण फक्त स्लॉथसाठी तिथवर चढू नये.

हवामानाचं गणित दोन्ही किनाऱ्यांना वेगळं. पॅसिफिकच्या बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडं, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात जास्त पावसाचे. कॅरिबियनच्या बाजूला नेमके तेच सप्टेंबर-ऑक्टोबर बऱ्यापैकी उघडीप देतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी म्हणून काहुइताकडे वळावं. थोडा पाऊस पडला तर टूर रद्द करू नका. पाऊस थांबल्यावर ऊन येतं तेव्हा अंग वाळवायला स्लॉथ उघड्यावर येतात.

बाकी किरकोळ. भारतीय पासपोर्टवर कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो; अमेरिका किंवा कॅनडाचा वैध बहुप्रवेशी व्हिसा असणाऱ्यांना सवलत असते, पण अटी बदलतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या पानावर वाचून घ्या. डासांचं मलम न्याच, डेंग्यू तिथेही आहे. शाकाहारी असाल तर टूरच्या जेवणात कासादो, म्हणजे तिथलं भात-घेवड्याचं ताट, शाकाहारी मिळेल का ते आधी कळवा. सकाळी गायो पिंतो म्हणजे भात आणि काळा घेवडा कुठेही मिळतो, पोटभर होतो. कॅमेऱ्याला तीनशे मिलिमीटरच्या खालची लेन्स असेल तर ती हॉटेलवर ठेवून गळ्यात साधी आठ बाय बेचाळीसची दुर्बीण अडकवा. गाइडने मेहनत घेतली असेल तर टूरच्या दहा टक्क्यांच्या आसपास टीप द्यायची पद्धत आहे, डॉलर चालतात. आणि मानुएल आंतोनियो मंगळवारी बंद असतं. ताडोबाचीही सुट्टी मंगळवारचीच, तेव्हा आपल्याला लक्षात ठेवायला सोपं.